ऊन आमचं, बॅटरी तुझी

रत्ने, तुझ्या पुण्यानुमोदनाला दोन्ही वाड्या झाडून आल्या होत्या. विहारासमोरचं अंगण पुरलं नाही म्हणून माणसं चिंचेखाली बसली, तिथंही मावली नाहीत म्हणून पार ओढ्याच्या काठापर्यंत उभी राहिली. कोहिनूर गावाहून आली, मंठाळहून आली. हुमनाबादच्या एका ढाब्यावर तू कधीतरी जेवता जेवता उठून मिक्सरची जळकी वायर बदलून दिली होतीस म्हणे, तो ढाबेवालासुद्धा मोटारसायकल काढून आला. भंतेजींनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली तेव्हा मी पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. आणि मनात काय चाललं होतं सांगू? माझ्या वेळेला यातली किती येतील, याचा हिशोब. चौथाई आली तरी डोक्यावरून पाणी.

तू असतीस तर लगेच ओळखलं असतंस. म्हणाली असतीस, "निम्मे, मेलेल्या बाईचा बी हेवा करायलीस व्हय?"

व्हय, करायलेय. जिवंतपणी केला, आता कामून सोडू? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तुझ्याबद्दल वाईट बोलायला आहे काय? तुझं सगळं चांगलंच होतं, तेच तर माझं दुखणं.

आठव, हुमनाबादला आयटीआयच्या विजेच्या वर्गात आपण दोघीच मुली होतो. एका बाकावर बसायचो, एका डब्यात जेवायचो. मार्क माझे जास्त असायचे, एखाददुसरे का होईना. तरी वर्गातली पोरं वही मागायला तुझ्याकडे यायची. माझ्याकडे मागितली असती तर मी दिली नसती असं नाही, पण देताना दोन शब्द सुनावले असते. तू नुसती द्यायचीस. पुढं तुझं लग्न ओढ्याकाठच्या वाडीत झालं, आणि वर्षभरात तूच माझ्यासाठी माळावरच्या वाडीतलं स्थळ घेऊन आलीस. माझ्या आईला म्हणालीस, "मधी नुस्ता ओढा हाय मावशी. हाक मारली तर ऐकू येतंय." मी हसत हसत हो म्हणाले. मला काय ठाऊक, जन्मभर त्या हाकेला ओ देत बसायचं आहे ते.

आपण एकाच वयाच्या, एकाच वर्गाच्या. तरी दोन्ही वाड्यांत तू अक्का झालीस आणि मी मॅडम. माझ्या स्वतःच्या वाडीत मी मॅडम! म्हातारी माणसंसुद्धा मला मॅडम म्हणून खुर्ची देतात आणि तुला अक्का म्हणून घरात बोलावून चुलीपुढं बसवत. खुर्चीवर बसून मी चुलीपुढच्या हसण्याचा आवाज ऐकलाय, रत्ने.

मग ते सौरऊर्जेचं काम आलं. एका संस्थेनं दोन्ही वाड्यांत उन्हावर वीज करणारे पत्रे उभे केले, माळावर माझ्या देखरेखीखाली, ओढ्याकाठी तुझ्या. सरकारी लाईन आपल्याकडे आहेच, पण ती बड्या पाहुण्यासारखी, येते म्हणते आणि येत नाही. म्हणून आपली आपली वीज. ओढ्यावरून खांब टाकून दोन्ही वाड्या एका तारेनं जोडल्या आणि साठवायला दोघींत मिळून एकच बॅटरी आली, दोन लोखंडी कपाटांएवढी. ती ठेवायची कुठं, असा प्रश्न निघाला. तेव्हा उठून कोण बोललं? मी बोलले. उन्हाळ्यात माळावर अंडं उकडेल इतकं तापतं, तापली की बॅटरीचं आयुष्य घटतं, ओढ्याकाठी जुन्या शाळेची दगडी खोली आहे, चिंचेची सावली आहे, तिथंच ठेवा. अगदी शास्त्राला धरून बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं. दुसऱ्या आठवड्यापासून सगळे तिला अक्काची बॅटरी म्हणू लागले.

ऊन मात्र आमचं. माळावर आडवं यायला झाड नाही की डोंगर नाही. तुमच्याकडं दुपार कलली की चिंचेची सावली पत्र्यांवर चढते. मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं, ते काही खोटं बोलत नाही. ओढ्यावरून खाली जास्त यायचं ते आमच्याकडचं. तुमचं वर क्वचित. मी हे बोलून दाखवलं की तू म्हणायचीस, "अगं, ऊन काय तुझ्या बापानं पेरलंय व्हय?" आणि सगळे हसायचे. आमच्या वाडीचे सुद्धा.

बाहेरगावचे पाहुणे ही व्यवस्था बघायला आले की मी फळ्यावर आकृती काढून सांगायची. कुठली वाडी किती बनवते, कुणाला कधी लागते, जास्तीची साठवायची कशी, आभाळ आलं तर आधी काय बंद करायचं. आधी गिरणी, मग शेतातल्या मोटारी, मग पंखे, सगळ्यात शेवटी दिवे आणि तुमच्याकडची दुधाची गार टाकी. पाहुणे वहीत उतरवून घ्यायचे. मी खडू ठेवला की तू पदराला हात पुसत यायचीस आणि म्हणायचीस, "चुली दोन हायती, पण रांजण एकच हाय. ज्याला तान्ह लागली त्यानं प्यावं, ज्याला सवड हाय त्यानं भरावं." पाहुण्यांचे चेहरे असे उजळायचे! निघताना ते एकमेकांना तुझा रांजण सांगत जायचे. माझी आकृती फळ्यावर तशीच राहायची, ती पुसायची सुद्धा मीच.

आणि तो संध्याकाळचा फोन. साठलंय किती ते बॅटरीच्या खोलीतल्या छोट्या पडद्यावरच दिसायचं, म्हणून दिवेलागणीला मला तुला विचारावं लागायचं. मी विचारायचे, "किती हाय?" तू म्हणायचीस, "पुरंल."

रत्ने, मी टक्के विचारायचे गं! आकडा. साठ आहे की चाळीस, ते कळलं तर मला माळावर काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं ते ठरवता येईल. आणि तू, विजेचा कोर्स केलेली बाई, उत्तर द्यायचीस "पुरंल". जणू मी भाकरीचं पीठ विचारलंय. मग माझी चिडचिड, मग तुझं हसणं, मग एकदाचा आकडा. पण आमच्या सासूबाईंना, आत्याबाईंना, तुझं ते पुरंल फार आवडायचं. त्या मला विचारतच नसत. मी घरात, हाताशी, वाडीची सगळी वीज बघणारी. तरी त्या माझ्यासमोर फोन उचलून तुला लावायच्या, "अक्का, आज शेगडी लावू का गं? पुरंल का?" तू हो म्हणालीस की लावायच्या. मी नको म्हणाले असले तरी लावायच्या. तेव्हा माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा, त्यावर अर्धी वाडी स्वयंपाक करू शकली असती.

आपलं खरं भांडण मात्र त्या दोन कपाटांवरून होतं. मी म्हणत होते, एक कपाट माळावर हलवू. सावलीला मी पक्की खोली बांधून घेते, तापू देत नाही. ज्याच्या पत्र्यावर ऊन पडतं त्याच्या दारात साठू दे, ज्यानं जपून वापरलं त्याला पुरू दे. तुमच्याकडं कुणी मोटार चालू ठेवून जत्रेला गेलं तरी चालायचं, कारण अक्का बघंल. आमच्याकडच्या बायका माझ्या वेळापत्रकाप्रमाणं भर दुपारी मिक्सर फिरवायच्या, कारण मॅडम बोलतील. मग साठवलेलं आमचं आणि उधळलेलं तुमचं, असं किती दिवस चालायचं? आयत्या बिळावर नागोबा, असंही मी एकदा म्हणाले. तुला ते लागलं. पण तू काय म्हणालीस? "वेगळी चूल मांडायची तर मांड. पण मग सांजच्याला फोन कुणाला करशील?"

मी म्हणाले, कुणालाच नाही, पडदा माझ्याच घरात असेल.

येळवसची गोष्ट तर मला आजही गिळता येत नाही. येळ अमावस्येच्या दिवशी आपल्याकडं गाव ओस पडतं. झाडून सगळे रानात, कडब्याच्या खोपीपुढं, भाज्या-शेंगांची भज्जी आणि बाजरीचे उंडे आणि आंबिलीचं जेवण, वाटसरूलासुद्धा हाताला धरून बसवायचं. दिवसभर घरात कुणी नसतं, तेव्हा वीज नुसती साठत राहते, कुणी वापरत नाही. पण आदल्या दिवशी? गिरणी थांबत नाही. आणि पहाटे, कोंबडं आरवायच्या आधीपासून, घराघरांत दिवा, मिक्सर, शेगडी, पाण्याची मोटार. हे मला ठाऊक होतं. आठ दिवस आधीपासून मी तुला सांगत होते, आदल्या दिवशी आमच्या गिरणीची वीज तुझ्या खोलीतून दुपारी तीनला तोड आणि बॅटरीचा तळाचा पाव हिस्सा राखून ठेव, पहाटे लागणार आहे. तू म्हणालीस, "येळवसला पिठाला न्हाई म्हणू कसं गं? वर्षाचा सण हाय." आणि अंधार पडेपर्यंत गिरणी चालू दिलीस.

पहाटे एकदम सगळ्यांनी शेगड्या लावल्या आणि बॅटरीनं हात वर केले. दोन्ही वाड्या ठप्प. भज्जी अर्धी शिजलेली, आंबिलीचं ताक अर्धं घुसळलेलं.

मी मनातल्या मनात म्हटलं, आता कळेल. आता सगळे तुझ्यावर तुटून पडतील आणि कुणीतरी एक जण म्हणेल, मॅडम आधीपासून सांगत होत्या.

काय झालं ते तुला ठाऊक आहे. तू शाळेपुढच्या अंगणात तीन दगड मांडलेस, लाकडं पेटवलीस आणि हाक दिलीस, "आणा गं आपापली पातेली!" ओढा ओलांडून आमच्या बायकासुद्धा डोक्यावर पातेली घेऊन तुझ्याकडं निघाल्या. सगळ्यांची भज्जी एकाच मोठ्या हंड्यात ओतली. कुणाच्या भज्जीत चुक्याचा पाला जास्त, कुणाच्या शेंगदाणे जास्त. सगळी एक झाली. आमच्या आत्याबाई त्या अंगणात फुगडी खेळल्या, ज्यांनी घरात माझ्यासमोर कधी आवाज चढवून हसलेलं मला आठवत नाही. दोन वर्षं झाली, अजून लोक सांगतात, त्या येळवसला जशी भज्जी झाली तशी पुन्हा झाली नाही. चूक तुझी. कौतुकही तुझंच. मी बरोबर होते आणि माझ्या बरोबर असण्याची चव कुणालाच कळली नाही.

दुपारी रानात तू माझ्यासाठी आंबिलीचा पेला घेऊन आलीस, बांधावर शेजारी बसलीस आणि हळूच म्हणालीस, "निम्मे, तुझं बरोबर व्हतं. तळ राखायला पायजे व्हता."

मी म्हणाले, "हे समद्यांपुढं म्हण."

तू हसलीस, माझ्या तोंडाला पेला लावलास. समद्यांपुढं म्हणाली नाहीस. ती आंबील गोड होती की आंबट, मला आठवत नाही, इतका राग होता.

तू जायच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला. किती हाय, पुरंल, आकडा सांग, तेच ते. पण त्या दिवशी मी चिडलेलीच होते. संस्थेचा माणूस येऊन सांगून गेला होता की कपाट हलवायला हरकत नाही, वाड्यांनी मिळून ठरवा. मी म्हणाले, "रत्ने, या बैठकीत मी विषय काढणार हाय. आता तुझं हसू चालायचं न्हाई." तू म्हणालीस, "काढ की. उद्या ये दुपारच्याला, आधी आपण समोरासमोर भांडू. म्या शेंगाची चटणी करून ठेवते, जोर यायला."

दुसऱ्या दिवशी मी रात्रीपासून जमवलेले सगळे मुद्दे घेऊन ओढा उतरत होते, तर समोरून तुझे मालक, भीमराव भाऊजी, जीप मागायला पळत येताना दिसले. तुझ्या छातीत दुखत होतं. हुमनाबाद गाठलं, पण तू नाही गाठलंस. दवाखान्याच्या बाकड्यावर बसले तेव्हा ते सगळे मुद्दे माझ्या तोंडात होते. रत्ने, असं कुणी करतं का? भांडायला बोलावून निघून जायचं?

तुझं पुण्यानुमोदन झालं, माणसं जेवली, आणि तिथंच चिंचेखाली बैठक बसली, कारण दोन्ही वाड्या पुन्हा एकत्र कधी यायच्या. आमच्या वाडीचे शंकरअण्णा, गिरणी त्यांचीच, त्यांनीच विषय काढला. म्हणाले, "अक्का व्हती तवर आमी काय बोललाव न्हाई. पर आता बघणार कोन? मॅडमचं आधीपासून म्हणणं व्हतं, एक कपाट माळावर न्हेऊ. आपापलं बघू." आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

हवं ते समोर आलं होतं. विरोधाला तू नव्हतीस. मला नुसती मान हलवायची होती.

मग तुमच्या वाडीतले एकेक जण उठायला लागले. एक बाई म्हणाली, अक्काची आठवण हाय, बॅटरी हिथून हलवू नका. दुसरा म्हणाला, अक्काचा जीव व्हता त्या खोलीत. भीमराव भाऊजी उठले, डोळे पुसत म्हणाले, "तिची लई इच्छा व्हती, एकत्र ऱ्हावं म्हून. एवढी इच्छा पुरी करा." आणि खाली बसले. सगळे रडायला लागले. आमची माणसंसुद्धा रडायला लागली, पण रडता रडता शंकरअण्णा पुटपुटले, "आठवण ठेवू की. फोटो लावू. बॅटरीचं काय ते बॅटरीचं."

तेव्हा माझं डोकं फिरलं. अरे, तुझं म्हणणं हे नव्हतंच! इच्छा, आठवण, जीव! दोन वर्षं तू माझ्याशी भांडलीस ती काय आठवणीसाठी? तुझी माणसं तुझी बाजू इतकी पोचट मांडत होती की मला बघवेना. त्यांना तुझा रांजण पाठ होता, पण तो रांजण का, ते एकालाही ठाऊक नव्हतं. ते तू फक्त मला सांगायचीस. माझ्याशी भांडताना. आणि आता हे सगळे तुझ्या नावानं रडत होते, जणू तू त्यांचीच होतीस.

मी उठले. "तिचं म्हणणं तसं न्हवतं," मी म्हणाले. "नीट ऐका."

आणि मी सांगितलं. माळावर गिरणी सकाळच्याला चालती, तवा खालच्यांना काय लागत न्हाई. खालच्या दुधाच्या टाकीला सांजच्याला लागतंय, तवा माळावर गिरणी बंद असती. दोघांची भूक एका येळंला येत न्हाई, म्हून एक बॅटरी दोघांना पुरती. एक कपाट वर न्हेलं तर ते दुपारच्या आतच भरंल, पुढचं ऊन पत्र्यावर पडून वाया जाईल, आन् त्याच टायमाला खाली टाकीतलं दूध नासायला लागंल. आभाळाच्या दिवशी कधी माळावर ढग बसतोय, कधी ओढ्यावर. ढग काय वाटणीचा कागद बघून येतोय व्हय?

शंकरअण्णा तोंड उघडं टाकून बघत होते. "मॅडम," ते म्हणाले, "तुमी कुन्या बाजूच्या?"

"म्या तिच्या बाजूनं भांडायलेय," मी म्हणाले. "तिच्या बाजूनं नीट भांडणारं हिथं दुसरं कुणी दिसायला न्हाई. आता माझ्या बाजूचं ऐका." आणि माझंही सांगितलं. बॅटरी एकत्र राहील, पण तळाचा पाव हिस्सा कुणी काढायचा नाही. सण असो, लग्न असो, अक्का असो, मॅडम असो. आणि कुणी मोटार चालू ठेवून जत्रेला गेलं तर आल्यावर आठ दिवस त्याची मोटार शेवटच्या पाळीला. येळवस आठवा, मी म्हणाले.

येळवस म्हटल्याबरोबर रडणारी माणसं हसायला लागली. मला ते हसू सोसलं नाही. मी म्हणाले, "हसा. पर त्या दिवशी रानात तिनं मला सांगितलं व्हतं, माझं बरोबर हाय म्हून. तुमाला खोटं वाटंल."

"खोटं कामून वाटंल?" भीमराव भाऊजी खालूनच म्हणाले. "मला बी म्हणाली व्हती. घरी आल्या आल्या म्हणाली, निम्मीचं बरोबर व्हतं, म्या ऐकाया पायजे व्हतं. अन् पुढं बी येळवस आली की म्हणायचीच."

"मग दोन वर्षांत मला कामून सांगितलं न्हाई, भाऊजी?"

"तुमी इचारलंच न्हाई."

बैठकीनं ठरवलं. एकत्र राहायचं, तळ राखायचा. कुणीही हरकत घेतली नाही. माझं कपाट माझ्याच तोंडानं ओढ्याकाठीच राहिलं. उठताना आमच्या वाडीतली एक बाई माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, आज अगदी अक्कावानी बोललात!" रत्ने, जळले गं मी. जन्मात पहिल्यांदा दोन्ही वाड्यांनी माझं ऐकलं, आणि शाबासकी पुन्हा तुझ्या खात्यावर गेली. मला तुला हरवायचं होतं, समोर बसवून, शेंगाची चटणी खात. तू नसताना मला जिंकायला बसवलं, आणि मी जिंकता जिंकता तुझीच बाजू घेऊन उभी राहिले. हे तू मुद्दाम केलंस असंच मला वाटतं. नाही केलंस, ते कळतं. पण वाटतं.

निघताना भाऊजींनी बॅटरीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. तुझ्या किल्लीला तो हिरवा गोंडा आहे ना, तू बांधलेला, तो तसाच आहे. काढून टाकावा म्हटलं, आणि टाकला नाही.

आता रोज दिवेलागणीला मी ओढा उतरून तुझ्या खोलीत जाते. पडदा बघते. तिथं एक स्टूल आहे, तू त्याच्यावर बसून माझा फोन घ्यायचीस. त्या स्टुलाच्या वरच्या फळीवर तुझ्या बसण्यानं रंग उडालाय. पहिल्या दिवशी सवयीनं मी खिशातला फोन काढला आणि तुझा नंबर लावायला गेले, तिथं उभी राहून, त्याच खोलीत. मग तिथंच बसले आणि पोटभर रडले. पुण्यानुमोदनात रडले नव्हते, हिशोबात होते. तू विचारलं होतंस, वेगळी चूल मांडलीस तर फोन कुणाला करशील. चूल एकच राहिली, रत्ने. फोन करायचा कुणाला, ते अजून तसंच आहे.

काल संध्याकाळी पडद्यासमोर उभी असताना फोन वाजला. आत्याबाई. मला फोन करायचं त्यांना कधी काम पडत नाही, त्यामुळे मी घाईनं फोन कानाला लावला.

"निर्मला, किती हाय गं?"

मी पडद्याकडं पाहिलं. एकदाचा माझ्या सासूनं आकडा माझ्याकडून मागितला होता. मी स्पष्ट, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "बासष्ट टक्के, आत्याबाई."

त्या म्हणाल्या, "म्या आकडा इचारला व्हय? शेगडी लावू का? पुरंल का ते सांग की."

मी तुझ्या स्टुलावर बसले.

"पुरंल," मी म्हणाले. "लावा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढं काही विचारलं नाही. शेगडी लावली असणार, कारण थोड्या वेळानं पडद्यावरचा आकडा एकानं खाली आला.

ते उत्तर तुझं होतं, रत्ने. ठाऊक आहे मला. पण आता परत मागायला येऊ नकोस. मी देणार नाही.